डबीर सरांची भेसळ

"निरंजन गावंडे कोन हाय इथं?"

दारातल्या माणसाने चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. आमच्या वर्गात कुणीच कधी चपला काढून येत नसे, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्या पायांकडे गेल्या. मग त्याच्या खाकी शर्टाकडे, आणि शर्टाच्या बाहीवर पसरलेल्या तपकिरी डागाकडे.

"मी," मी म्हणालो.

"चाल लवकर. गावंडेभाऊ खांबावरून पडले सकाळी. लय भाजले. मोठ्या दवाखान्यात आनलं त्याहिले. तुले बलावून राह्यले. चाल बावा, चाल."

मी उठलो. पण दाराकडे गेलो नाही. जागेवरच उभे राहून मी उजवा हात वर केला आणि म्हणालो, "भेसळ."

वर्गातून आनंदाची एक दबकी लहर गेली. मागच्या भिंतीशी बसलेल्या, बाहेरून आलेल्या निवड समितीच्या तिन्ही सदस्यांनी माना वर केल्या. डबीर सरांनी माझ्याकडे पाहिले. क्षणभर, नेहमीपेक्षा थोडे अधिकच निरखून, असे मला आज वाटते. मग ते शांतपणे चालत गेले आणि त्यांनी दार लावून कडी घातली.

भेसळ म्हणजे काय, हे त्या वर्गाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागेल. अमरावतीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या निवडक मुलांसाठी डबीर सर संशोधनाचा वर्ग चालवीत. त्या वर्गाला पाठ्यपुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे तपासावे आणि कुणाच्याही शब्दावर, अगदी शिक्षकाच्याही, का विसंबू नये, एवढेच तिथे शिकवले जाई. त्यासाठी सरांनी एक रीत पाडली होती. दर सत्रात ते एक खोटी गोष्ट खऱ्याच्या वेषात आमच्यापुढे आणून ठेवीत. कधी ती फळ्यावरच्या आकडेवारीत दडलेली असे, कधी एखाद्या पाहुण्याच्या भाषणात, कधी चक्क सूचनाफलकावर. ज्याला ती ओळखता येईल त्याने हात वर करून 'भेसळ' म्हणायचे. मग दार लागे. शब्द उच्चारणारा उलटतपासणी घेई, बाकीचे त्याला साह्य करीत, आणि त्याने निष्कर्ष मांडेपर्यंत सर एक अक्षर बोलत नसत. होकार नाही, नकार नाही. त्यांची भुवईसुद्धा हलत नसे. तपासणी संपण्याआधी जो खोलीबाहेर पडेल, त्याने समोरचे विधान मान्य केले, असे धरले जाई.

मी त्या वर्गातला सर्वांत भित्रा आणि सर्वांत भाबडा मुलगा होतो. आई माझ्या लहानपणीच गेली. वडील वीजमंडळात लाइनमन. बदली होईल त्या गावी एक खोली घेऊन राहत. घर म्हणण्यासारखे आम्ही दोघेच होतो, आणि आता तेही दोन ठिकाणी वाटलेले. वसतिगृहाच्या खिडकीतून विजेच्या तारा दिसत. त्या कुठून तरी त्यांच्या हाताखालून आल्या असतील, असे मला संध्याकाळी वाटे. हे कुणाला सांगण्यासारखे नव्हते, म्हणून मी ते कुणाला सांगितले नाही.

आदल्या सत्रात वर्गात एक बाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा याच वर्गात शिकला होता, म्हणे. शहराबाहेरच्या तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी तो ठेवत असे, आणि नोंदी घेतानाच बुडून गेला. त्याचे काम कुणीतरी पुरे करावे, एवढे त्यांना मागायचे होते. मी सर्वांआधी उभा राहिलो. "मी करीन," म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तेव्हा शेजारच्या बाकावरून रेवती मोहरीलने हात वर केला. तिने विचारलेल्या दुसऱ्याच प्रश्नाला बाई हसल्या, पदराने चेहरा पुसला आणि चहा मागितला. त्या स्थानिक नाटकांतून काम करीत.

"निरंजन," सर मला त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दया हा पुरावा नव्हे."

त्या दिवसापासून वर्गात माझे नाव 'पाणपोई' पडले. "पाणपोई, पेन दे." "पाणपोई आली रे, बादल्या आणा." रेवती कधी मला त्या नावाने हाक मारीत नसे. ती नुसती हसे, आणि ते अधिक लागे.

आणि आज सत्राचा अखेरचा दिवस होता. या सत्रातली भेसळ अजून कुणालाच सापडली नव्हती. आम्ही सारे सैरभैर झालो होतो. परवा तर सारंग कोलतेने भिंतीवरच्या नकाशालाच हरकत घेतली होती. बंगळूरच्या एका संशोधनसंस्थेत उन्हाळाभर राहून काम करण्यासाठी आमच्यातला एक जण निवडायला समिती आली होती. आणि नेमका आज, नेमका माझेच नाव विचारत, चपला काढून एक माणूस दारात उभा राहिला होता. वर्गातल्या सर्वांत भाबड्या मुलाकडे, ज्याचा बांध सर्वांत आधी फुटतो त्याच्याकडे, सर दुसरे कुणाला पाठवणार?

"दार काऊन लावता जी?" तो माणूस म्हणाला.

"काका, बसा ना. पाणी घ्या," रेवती गोड आवाजात म्हणाली.

सारंग माझ्या कानाशी कुजबुजला, "कसला भारी आणलाय सरांनी! चपला काढल्या बघ. काय तपशील आहे! पाणपोई, आज रडू नकोस रे बाबा."

मी पुढे गेलो. आवाज थरथरू द्यायचा नाही, एवढे ठरवले होते.

"तुमचं नाव?"

"शालिकराम तायडे. वायरमन हाओ मी. तुह्या बाबाच्या संगंच हाओ. पोट्ट्या, नावं गावं मंग पुसजो, आंधी चाल."

"मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही."

"तू येतच नाई नं गावाले! बदली झाल्यापासून एक खेप तरी आला का?"

वर्ग हसला. मला ते बोलणे कुठेतरी आत जाऊन लागले. मग वाटले, हेही ठरवलेलेच असणार. मी वडिलांकडे फारसा जात नाही, हे सरांना ठाऊक होते.

"ते पडताना तुम्ही पाहिलंत?"

"नाई. मी खाली डीपीच्या पेटीपाशी होतो. बोंब आयकली अन् धावलो."

"म्हणजे पडताना पाहिलं नाहीत."

"पडलेलं पाह्यलं नं, बावा!"

"पडलेला माणूस पाहणं आणि माणूस पडताना पाहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

समितीतल्या, कुठल्याशा विद्यापीठातून निवृत्त झालेल्या प्राध्यापक बाईंनी मान डोलावली आणि शेजारच्या सदस्याकडे पाहून हलकेच ओठ दाबले. ती मान डोलावणे मला दिसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी अनोळखी, विद्वान माणूस माझ्या वाक्यावर मान डोलावत होता.

"लाइन बंद होती की चालू?"

"बंद. बंद करूनच चढले होते ते. तसा माणूसच नाई तो, चालू लाइनवर चढनारा."

रेवतीने बाकावरून विचारले, "बंद तारेत करंट कुठून येईल?"

"कोन्या तरी जनरेटरचा उलटा आला, बाई."

"कुणाच्या?"

"ते आता कोन सांगते?"

"सोयीचं आहे," सारंग म्हणाला. पुन्हा हशा झाला.

तायडे एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. आमच्या हसण्याचा अर्थ त्यांना लागत नव्हता. मोठ्या शहरातली, शिकलेली पोरे, भिंतीशी बसलेली सभ्य माणसे, टेबलावर फुलदाणी. इथल्या रीती वेगळ्या असतील, आधी काही विचारायचे असेल आणि मग सोडत असतील, असे बहुधा त्यांना वाटले. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि वर्गात विद्यार्थी उत्तरे देतो तशी उत्तरे देऊ लागले.

त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा होता. म्हणजे त्या माणसाचा नव्हे, त्या बोलीचा. 'गावंडेभाऊ' म्हणताना आवाज जरा खाली उतरतो, तो थेट माझ्या लहानपणातून आला होता. तो ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. पण तसाच खड्डा त्या तलावाच्या बाईंच्या वेळीही पडला होता. माझे पोट साक्षीदार म्हणून तेव्हाच खोटे ठरले होते.

"शर्टावर कसला डाग आहे?" रेवती उठून जवळ आली.

"रगत हाय, बाई. उचलून गाडीत टाकलं म्या त्याहिले."

"बघू?"

तिने पाण्याच्या पेल्यात रुमाल बुडवला आणि तायडेंची बाही हातात धरून तो डाग घासू लागली. अत्यंत काळजीपूर्वक, प्रयोगशाळेत काचपट्टी पुसावी तशी. तायडेंनी हात पुढे धरून ठेवला. रुमालावर लालसर तपकिरी ओल उतरली. सारंगने रुमाल घेऊन नाकाशी नेला, डोळे मिटले.

"गेरू," त्याने जाहीर केले. "गणपतीच्या मखराला लावतात तोच."

समितीतले एक सदस्यसुद्धा हसले.

"असं नका करू, लेकराहो," तायडे म्हणाले. "फोन करा दवाखान्यात. फोन तं हाय नं तुमच्याकडे?"

"फोनचा अनुभव आहे आम्हाला," मी म्हणालो. पहिल्या सत्रात आम्ही एका संग्रहालयात फोन केला होता, आणि पलीकडचे संग्रहालय म्हणजे सरांचा मेहुणा निघाला होता. "दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे फोनवरून सिद्ध होत नाही."

"मंग चाल नं, डोयानं पाह्य! इथंच तं हाय. पुलाच्या पलीकडं."

"तेच तर तुम्हाला हवं आहे."

हे वाक्य बोलताना माझ्या आवाजात एक धार आली. ती मला आवडली. मी दाराबाहेर पाऊल टाकले की हरलो, आणि तो माणूस मला दाराबाहेरच बोलावत होता. सगळे किती नेमके जुळत होते!

"शेवटचा प्रश्न," मी म्हणालो. "तुम्ही माझ्या वडिलांबरोबर रोज काम करता. ते माझ्याविषयी बोलतही असतील."

"बोलते म्हनजे! दुसरं काय बोलते तो मानूस?"

"मग ते मला काय म्हणतात? काय नावानं हाक मारतात?"

तायडे पहिल्यांदाच हसले. ओळखीचे काहीतरी विचारले गेल्याचा तो दिलासा होता. "साहेब म्हनते," ते म्हणाले. "साहेब."

मी थांबलो. थांबण्याची किंमत मला त्या क्षणी कळली होती. सर असेच थांबत.

"माझ्या वडिलांनी जन्मात मला साहेब म्हटलेलं नाही," मी म्हणालो. "ते मला निरू म्हणतात."

टाळ्या पडल्या. रेवतीनेही वाजवल्या. मी पाहिले, ती मनापासून वाजवत होती. तायडे उठले. ते खिडकीशी बसलेल्या सरांकडे वळले.

"सर, तुम्ही तरी सांगा ह्याले. तुम्ही मोठे मानसं. म्या झूट बोलीन का जी?"

सर खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही. समितीतल्या बाई पुढे झुकून त्यांना हलक्या आवाजात म्हणाल्या, "डबीर, हे सगळं ठरवलेलं आहे ना?" सरांनी ओठांवर बोट ठेवले. बाई समजुतीने हसल्या आणि मागे टेकल्या.

मग तायडे खाली बसले. खुर्चीवर नव्हे, फरशीवर. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "मानूस मरून राह्यला रे, पोट्ट्या," ते म्हणाले. "तुही वाट पाहून राह्यला तो. तुह्या पाया पडतो मी."

आणि पन्नाशीचा तो माणूस रडू लागला. आवाज न करता, तोंड उघडे ठेवून.

मग सारंग उभा राहिला आणि त्याने पुन्हा टाळ्या सुरू केल्या; या वेळी अभिनयासाठी. एकेक करून सारा वर्ग उभा राहिला. टाळ्यांच्या त्या गजरात मी सरांकडे तोंड केले आणि आम्हाला शिकवलेल्या रीतीने, एकेक शब्द तोलून, निष्कर्ष मांडला: साक्षीदार अपरिचित आहे, घटना त्याने प्रत्यक्ष पाहिलेली नाही, त्याचे तपशील परस्परांशी जुळत नाहीत आणि ज्या एका तपशिलाची पडताळणी शक्य होती तो असत्य ठरला आहे; सबब हे विधान भेसळ आहे. माझ्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. मला त्याचा अभिमान वाटला.

सर उठले. त्यांनी आधी समितीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पद्धतीत दोष नाही," ते म्हणाले. "प्रश्नांचा क्रम उत्तम. फोन नाकारण्याचं कारण सयुक्तिक. मी तपासलं असतं, तर असंच तपासलं असतं."

टाळ्या पुन्हा सुरू होणार होत्या. त्यांनी हाताने थांबवल्या.

"निष्कर्ष मात्र चुकला. निरंजन, दवाखान्यात जा."

कुणालाच काही कळले नाही. सारंग हसत म्हणाला, "म्हणजे सर, ही दुसरी पायरी का?" सर दाराशी गेले आणि त्यांनी कडी काढली. बाहेर शिपाई समितीसाठी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो आत आला, आणि मी त्याच्या बाजूने बाहेर पडलो. कपांचा किणकिणाट बराच वेळ माझ्या मागे येत राहिला.

रिक्षात तायडे माझ्या शेजारी बसले होते. रेवतीने घासलेली बाही ओली होती. ती त्यांनी दुसऱ्या हाताने धरली होती. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. पूल आला तेव्हा, रस्त्याकडेच पाहत, म्हणाले, "तुह्या तोंडावर काय म्हनते, ते मले काय मालूम? तिथं सबस्टेशनात म्हने, माहा साहेब असा, माहा साहेब तसा. आम्ही समद्याहिनं तेच नाव धरलं होतं तुहं."

पुलाखाली नदीच्या कोरड्या पात्रात कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. उन्हात त्या इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा दवाखाना आला होता. इतका जवळ होता तो. महाविद्यालयाच्या गच्चीवरून त्याची पाण्याची टाकी दिसत असे. मी ती रोज पाहत असे.

वडील वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होते. चादर चेहऱ्यावर ओढलेली होती. मी पोचलो तेव्हा नर्स खाटेशेजारची सलाइनची सळी बाजूला नेत होती. तिने तायडेंना ओळखले, मग माझ्याकडे पाहिले.

"हाच का मुलगा?" ती म्हणाली. "अरे, आत्ताच रे. अगदी आत्ताच. जरा आधी आला असतास."

मी चादर बाजूला केली. चेहऱ्याला काही झालेले नव्हते. ते झोपेत नेहमी दिसत तसेच, किंचित त्रासलेले दिसत होते. उद्याच्या कामाचा विचार करत झोपलेल्या माणसासारखे. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले होते. धरायला हातच नव्हता. मी त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला. ते अजून गरम होते, आणि त्या उबेचा अर्थ काय, ते कुणी सांगायला नको होते.

तायडे भिंतीशी टेकून खाली बसले. आता ते रडत नव्हते.

थोड्या वेळाने व्हरांड्याबाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. डबीर सर आले होते. मी बाहेर गेलो. का गेलो ते माहीत नाही. त्यांनी बोलावले की उठायची सवय होती, म्हणून असेल. ते खांबाला टेकून उभे राहिले. त्यांचा शर्ट तसाच पांढरा, तसाच इस्त्रीचा होता.

"गेले?" त्यांनी विचारले.

"हो."

"वाईट झालं."

मी त्यांच्या बुटांकडे पाहत होतो. मान वर न करता म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं."

"प्राचार्यांनी सांगितलं होतं. समिती यायच्या थोडं आधी दवाखान्यातून फोन आला होता. मला वाटलं, तास झाला की सांगू. प्रकृती इतकी गंभीर आहे, हे मला ठाऊक नव्हतं."

"हे आले तेव्हा?"

"तेव्हा तू हात वर केलास."

ते हे अगदी सहज बोलले. जणू माझ्या हाताने त्यांचे तोंड बांधले होते.

"तुम्ही नुसतं म्हटलं असतं सर, की हे खरं आहे…"

"तर तू पहिला प्रश्न मलाच विचारला असतास." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हते, कुतूहल होते. "विचार करून सांग, निरंजन. मी 'हे खरं आहे' म्हटलं असतं, तर तू उठून गेला असतास?"

मी विचार केला. खरोखर केला. त्यांच्यासमोर मला दुसरे काही करता येत नसे. व्हरांड्यातून एक बाई डबा घेऊन गेली, एक मूल खांबाभोवती फिरत होते. मला उत्तर सापडले नाही. इतक्या वर्षांत सापडलेले नाही.

"मग या सत्रातली भेसळ कोणती होती?" मी शेवटी विचारले.

"नव्हतीच."

"नव्हती?"

"या वेळी मी काहीच मिसळलं नाही. नसलेली गोष्ट तुम्ही किती काळ आणि कशाकशात शोधता, ते पाहायचं होतं. आज समितीपुढे तेच मांडणार होतो." त्यांनी बाहीवरची धूळ झटकली. "बाई फार प्रभावित झाल्या आहेत. ही सांगायची वेळ नव्हे, पण कळलेलं बरं. निवड तुझीच होईल." मग घड्याळात पाहून म्हणाले, "मला जायला हवं. मंडळी थांबली आहेत."

ते स्कूटर सुरू करून गेले. मी आत आलो.

वडिलांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. पाय प्लास्टरमध्ये, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. मी पहिल्यांदा आलो तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे वळवले होते. आता तो माझ्याकडे पाहत होता. त्याने हाताने मला जवळ बोलावले.

"बस, बाबू," तो म्हणाला. "तरास नाई झाला त्याहिले. म्या पाह्यलं. शांत गेले."

मी त्याच्या खाटेच्या कडेवर बसलो.

"तुह्यंच नाव घेत होते," तो म्हणाला. "शेवटपावतर तुह्यंच नाव. दुसरं कायी नाई."

तायडेंनी भिंतीशी बसल्या बसल्या डोळे मिटले. मी म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याचे डोळे ओले होते, आणि ते माझ्या डोळ्यांवरून जरा बाजूला सरकत होते. मी विचारायला नको होते. ओठ दातांखाली धरले, तरीही प्रश्न आलाच.

"कोणतं नाव घेत होते?"

म्हाताऱ्याने चादरीची कड बोटांत धरली, सोडली, पुन्हा धरली.

"काय नाव हाय तुहं, बाबू?" त्याने विचारले.

"निरंजन."

"हव," तो घाईघाईने म्हणाला, आणि त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तेच. तेच घेत होते."